सोमवारी ज्याची तारीख आहे

२०२४ च्या दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे दोन रविवार येऊन गेले. पहिला २० ऑक्टोबरचा. खेड तालुक्यातल्या कन्हेरसर या आपल्या मूळ गावी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड सत्कारासाठी आले होते. अयोध्येच्या खटल्याचा विषय निघाला तेव्हा, आपण देवापुढे बसलो आणि यातून तूच मार्ग काढ असं त्याला सांगितलं, अशा अर्थाचं ते बोलले. दुसरा रविवार ८ डिसेंबरचा. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या ग्रंथालयाच्या सभागृहात विश्व हिंदू परिषदेच्या विधी विभागाचा कार्यक्रम होता. त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती शेखरकुमार यादव तिथे समान नागरी कायद्यावर बोलले. हा देश बहुसंख्याकांच्या इच्छेप्रमाणे चालेल असं त्यांनी सांगितलं आणि कट्टर मुसलमानांना हिणवणारा ‘कठमुल्ला’ हा शब्दही वापरला.

ही दोन भाषणं एका मापाची नाहीत, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण त्यांच्यावर आपल्याकडे जो वाद झाला त्यानं मला भाषणांइतकंच अस्वस्थ केलं. एक बाजू म्हणत होती, न्यायाधीशही नागरिक आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ लागू नाही का? दुसरी म्हणत होती, न्यायाधीशानं फक्त निकालातून बोलावं, बाहेर तोंड उघडूच नये. यात नवल वाटण्यासारखी गोष्ट अशी की १२ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचे चार ज्येष्ठ न्यायमूर्ती न्यायालयातल्या कामकाजवाटपाची तक्रार घेऊन पत्रकारांसमोर आले, तेव्हा हेच लोक नेमक्या उलट्या बाजूंना उभे होते. तेव्हा ज्यांना न्यायमूर्तींच्या बोलण्यात लोकशाही दिसली, त्यांना आता मौनाची थोरवी आठवली. तेव्हा ज्यांना शिस्तभंग दिसला, त्यांना आता अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवलं. बोलणाऱ्याचं मत आपल्याला पटलं की नाही यावर त्याच्या बोलण्याचा अधिकार ठरवला तर वाद कधीच संपणार नाही, कारण तो मुळात न्यायाधीशांविषयीचा उरतच नाही.

माझं म्हणणं असं. न्यायाधीशानं न्यायदालनाबाहेर बोलावं. काही वेळा तर बोलणं त्याचं कर्तव्य असतं. पण त्या बोलण्याची मर्यादा त्याच्या नागरिकत्वावरून ठरत नाही, आणि पदाच्या प्रतिष्ठेवरूनही ठरत नाही. ती ठरते सोमवारी ज्याची त्याच्यासमोर तारीख आहे त्या माणसावरून. ते भाषण ऐकून त्या माणसाला ‘आपलं काय होणार ते ठरलेलंच आहे’ असं वाटायला सबळ कारण मिळत असेल, तर ते भाषण न्यायाधीशानं करायला नको होतं. आणि केलंच असेल तर त्या माणसाचं प्रकरण त्यानं हातात ठेवायला नको.

हा माणूस मी बघितलेला आहे. आमच्या घरच्या जमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालला. वडील कापडी पिशवीत कागद घेऊन सकाळी दहालाच व्हरांड्यात जाऊन बसत. बोर्डावर आपला नंबर कितवा आहे हे पाहून झालं की नवीन न्यायाधीशांबद्दल पहिला प्रश्न यायचा, ‘साहेब कुठले?’ मग आडनाव, मग गाव, मग आधीची नेमणूक. साहेबांनी एखाद्या साक्षीदाराला पाणी द्यायला सांगितलं तर त्यावरही दिवसभर खल चाले. हरलेल्या माणसाला निकालाची पानं वाचता येत नाहीत, वकिलाची फी परत मिळत नाही. त्याला एवढंच हवं असतं की समोर बसलेल्यानं आपलं ऐकून घेतलं. वडील एका टप्प्यावर हरले आणि तरी म्हणाले, ‘साहेबांनी कागद सगळे बघितले.’ न्यायव्यवस्थेचं सगळं भांडवल या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. त्याच साहेबांनी आदल्या रविवारी गावच्या व्यासपीठावरून ‘अमुक लोक जमिनी बळकावतात’ असं म्हटलं असतं, तर कागद कितीही काळजीपूर्वक बघितले तरी वडिलांना ते वाक्य म्हणता आलं असतं का?

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते हलकं नाही.

न्यायाधीशाचं तोंड पूर्ण बंद करणं धोक्याचं आहे, हे मला मान्य आहे. इंग्लंडमध्ये १९५५ साली लॉर्ड चॅन्सेलर किलम्यूर यांनी बीबीसीला पत्र लिहून न्यायाधीशांना कार्यक्रमांपासून दूर ठेवलं. न्यायाधीश गप्प असतो तोवर त्याच्या शहाणपणाला आणि निःपक्षपातीपणाला धक्का लागत नाही, असा त्यामागचा विचार होता. हे नियम १९८७ मध्ये लॉर्ड मॅकाय यांनी मोडीत काढले, आणि त्यानं तिथली न्यायव्यवस्था काही कोसळली नाही. हंगेरीत याच्या उलट घडलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष आंद्राश बाका यांनी सरकारच्या न्यायालयीन बदलांवर जाहीर टीका केली आणि त्यांचं पद मुदतीआधीच संपवण्यात आलं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०१६ मध्ये निकाल दिला की हा त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. न्यायालयाच्या स्वातंत्र्यावर घाला येत असताना न्यायाधीश बोलणार नाही तर कोण बोलणार? भूषण गवई सरन्यायाधीश झाल्यावर २०२५ मध्ये अमरावतीच्या सत्कारात म्हणाले, संसद सर्वोच्च नाही, संविधान सर्वोच्च आहे. त्यावर काहींनी नाक मुरडलं. मला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून चालत आलेला तो कायदा आहे, आणि तो ऐकून कुठल्या पक्षकाराला आपलं प्रकरण बुडालं असं वाटेल?

मेलेल्या खटल्यावरही न्यायाधीश बोलू शकतो. टिळकांना १९०८ मध्ये ज्या दालनात शिक्षा झाली, तिथे त्यांचे शब्द कोरलेल्या फलकाचं अनावरण १९५६ मध्ये मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी केलं. कायद्याचं तांत्रिक पालन झालं असेल, पण खऱ्या न्यायाचा तो उघड नकार होता, अशा अर्थाचं ते आपल्याच न्यायालयाच्या निकालाविषयी बोलले. ४८ वर्षं उलटली होती आणि त्या बोलण्यानं कुणाचंही पारडं वर-खाली होणार नव्हतं. कन्हेरसरचं भाषण मला खटकतं ते इथे. अयोध्येचा निकाल २०१९ चा, पण त्याच्या पोटातून निघालेले ज्ञानवापीचे आणि मथुरेचे दावे जिवंत होते आणि धर्मस्थळांचं १९४७ चं स्वरूप कायम ठेवणाऱ्या १९९१ च्या उपासनास्थळ कायद्यावरच्या याचिका सर्वोच्च न्यायालयातच पडून होत्या. चंद्रचूड यांची श्रद्धा हा त्यांचा खाजगी प्रश्न आहे. श्रद्धाळू माणूस सर्व धर्मांना समान न्याय देऊ शकतो हे त्यांचं नंतरचं म्हणणंही मला मान्य आहे. पण निकालाची कारणं निकालाच्या हजारभर पानांत असतात. त्यांत देवाजवळच्या संवादाची भर गावच्या सभेत घातली, की हरलेल्याच्या मनात जे कारण रुजतं ते नंतर कुणालाच उपटता येत नाही. यादव यांच्या भाषणाशी याची बरोबरी मी करणार नाही. तिथे नागरिकांची सरळ वर्गवारी होती आणि इथे एक असावध कबुली.

विरोधकांचा सगळ्यांत जोरकस मुद्दा मात्र वेगळाच आहे. न्यायाधीश गप्प बसला म्हणून त्याची मतं नाहीशी होतात का? मतं असतातच, मग ती कळलेली बरी. लपलेल्या पूर्वग्रहापेक्षा उघड पूर्वग्रह परवडला. या युक्तिवादाला उत्तर देणं मला बरेच दिवस जमत नव्हतं. आता दोन गोष्टी दिसतात. पहिली, माहितीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा ती घेऊन काही करता येतं. डॉक्टर आवडला नाही तर रुग्ण दुसरा गाठतो. पक्षकाराला न्यायाधीश निवडता येत नाही. कामकाजाचं वाटप मुख्य न्यायमूर्ती करतात. त्यामुळे साहेबांचं मत कळून त्याच्या हाती फक्त भीती येते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मनातलं मत आणि चारचौघांत टाळ्या घेऊन बोललेलं मत एक नसतं. मनातलं मत युक्तिवाद ऐकता ऐकता पाझरू शकतं, बदलू शकतं. आपण त्या प्रक्रियेला सुनावणी म्हणतो ते उगीच नाही. जाहीर बोललेलं मत बदलायचं तर आधी स्वतःलाच खोटं पाडावं लागतं. किती माणसांना ते जमतं?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती स्कालिया यांच्या मतांबद्दल कुणाला शंका नव्हती. ते सडेतोड बोलत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. २००३ मध्ये व्हर्जिनियातल्या एका सभेत ते शाळेतल्या राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेतील देवाच्या उल्लेखाविषयी बोलले आणि खालच्या न्यायालयाच्या निकालावर त्यांनी टीका केली. तेच प्रकरण पुढे त्यांच्या न्यायालयात आलं. पक्षकारानं आक्षेप घेतला आणि स्कालिया बाजूला झाले. उरलेल्या आठ जणांनी ते ऐकलं. बोलण्याचं स्वातंत्र्य त्यांनी वापरलं आणि त्याची किंमतही मोजली. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या नावानं भांडणारे या किमतीबद्दल कधी बोलत नाहीत.

आणि रानडे? महाराष्ट्रात या विषयावर बोलताना न्यायमूर्ती रानड्यांना ओलांडून पुढे जाता येत नाही, आणि माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा अडथळा त्यांचाच आहे. कनिष्ठ न्यायाधीश असताना ते पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेच्या कामात होते. सरकारची वक्रदृष्टी पडून त्यांना पुण्याहून नाशिकला, धुळ्याला जावं लागलं. १८८७ मध्ये त्यांनी सामाजिक परिषद उभी केली, आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयात गेल्यावरही विधवाविवाह, संमतिवय, जातिभेद यांवर ते व्यासपीठावरून बोलत राहिले. आजचे नियम त्यांना लावले असते तर महाराष्ट्राचा आधुनिक इतिहासच तोकडा झाला असता. मग मी कुणाची बाजू घेतो आहे?

दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. रानडे बोलले ते आपल्याच समाजातल्या सुस्थापितांच्या विरोधात. राज्यकर्त्यांना खूश करण्यासाठी ते बोलले नाहीत, जमावाकडून टाळ्या मिळवण्यासाठीही नाहीत, आणि त्यांच्या बोलण्यानं कुणी नागरिक दुय्यम ठरला नाही. पण एवढ्यावर थांबलो तर मी माझ्या आवडत्या माणसाला सवलत दिली असं होईल. म्हणून दुसरी गोष्ट. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवण्यावरून टिळकपक्षानं रान उठवलं आणि रानड्यांना परिषद दुसरीकडे न्यावी लागली. दोनच वर्षांनी, १८९७ च्या जुलैत टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली आणि त्यांच्या जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात आला तो न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासमोर. तो नामंजूर झाला. थोड्याच दिवसांनी बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. हे तय्यबजी १८८७ च्या काँग्रेसचे अध्यक्ष होते. रानड्यांच्या सचोटीबद्दल मला तीळमात्र शंका नाही. पण त्या दिवशी पुण्याच्या एखाद्या टिळकभक्ताच्या मनात काय आलं असेल? आणि जामीन मिळाला तेव्हा सरकारी गोटात काय आलं असेल? दोन्हीकडच्यांना निकालाच्या कारणांकडे पाहायची गरजच उरली नाही. कारणं त्यांनी व्यासपीठांवरून आधीच उचललेली होती.

याच कथेचा शेवट माझ्या विरुद्धही जातो, तोही सांगायला हवा. तय्यबजींपुढे टिळकांसाठी जामीन मागणारे वकील होते दिनशा दावर. तेच दावर १९०८ मध्ये न्यायमूर्ती म्हणून बसले, त्यांनी टिळकांना जामीन नाकारला आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. म्हणजे माणसाच्या पूर्वायुष्यावरून त्याचा निकाल सांगता येत नाही. बरोबर, सांगता येत नाही. पण मर्यादा पाळायची ती पक्षपात घडेलच म्हणून नव्हे. हरणाऱ्याला तसं मानायला आपण स्वतः पुरावा देऊ नये म्हणून. नारायणराव चंदावरकरांना हे उमगलं होतं. १९०० मध्ये लाहोरच्या काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवून ते लगेच १९०१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले. राजकारणाचं व्यासपीठ त्यांनी सोडलं आणि प्रार्थना समाजाचं, समाजसुधारणेचं काम चालू ठेवलं. रेघ कुठे मारायची याचा इतका स्वच्छ नमुना आपल्याच घरात आहे.

रेघ पुसली की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा निवडून आल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी त्यांना स्तुतीनं भरलेलं अभिनंदनपत्र पाठवलं. ते बाहेर आलं तेव्हा त्यांचेच सहकारी न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर यांनी जाहीर टीका केली की न्यायाधीशच राजकीय विजयाबद्दल पुष्पगुच्छ आणि पत्रं पाठवू लागले तर लोकांचा विश्वास उडेल. दोघंही न्यायदालनाबाहेरच बोलले. एकानं सत्तेशी सलगी केली, दुसऱ्यानं संस्थेची राखण केली. ‘न्यायाधीशानं बोलूच नये’ असा सरसकट नियम केला तर हे दोघं एकाच पंगतीत बसतील.

अगदी अलीकडे कोलकात्याचे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय शिक्षकभरती घोटाळ्याची प्रकरणं ऐकत असताना सप्टेंबर २०२२ मध्ये दूरचित्रवाणीवर मुलाखत देऊन बसले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशाकडे द्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, दोन दिवसांत भाजपमध्ये प्रवेश केला आणि तमलुकमधून ते लोकसभेत गेले. मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते या घटनेचं, कारण भरतीत घोटाळा झालाच होता. पश्चिम बंगालमधल्या सुमारे २५ हजार शालेय नियुक्त्या रद्द करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये कायम ठेवला. ज्या उमेदवारांना खरोखर डावललं गेलं, त्यांच्या बाजूनं उभं राहिलेल्या माणसानंच त्यांच्या विरोधकांच्या हाती ‘हे सगळं राजकारण होतं’ हे वाक्य आयतं दिलं.

या सगळ्यात संविधानातली एक देवाणघेवाण विसरली जाते. अनुच्छेद १२१ प्रमाणे न्यायाधीशाच्या कामकाजातील वर्तनाची चर्चा, त्याला पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव असल्याशिवाय, संसदेत करता येत नाही. अनुच्छेद २११ विधिमंडळाला तीच बंदी घालतो. देशाच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींचं तोंड आपण न्यायाधीशांपुरतं बंद केलं आहे. वर अवमानाचा कायदा आहे. एवढं कवच दुसऱ्या कुठल्याही पदाला नाही. राजकारण न्यायाधीशाच्या अंगणात येणार नाही असं संविधान सांगतं, ते न्यायाधीशही राजकारणाच्या अंगणात जाणार नाही या भरवशावर. कवच ठेवून मैदानात उतरायचं हे कुठल्या न्यायात बसतं? आणि हा भरवसा न्यायाधीशांनी स्वतःच लेखी दिलेला आहे. ७ मे १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी न्यायिक जीवनाच्या मूल्यांचं जे निवेदन स्वीकारलं, त्यातलं आठवं कलम सांगतं की न्यायाधीशानं राजकीय विषयांवर, आणि प्रलंबित असलेल्या किंवा न्यायालयात येण्याचा संभव असलेल्या विषयांवर जाहीर मत मांडू नये. समान नागरी कायदा यात बसत नसेल तर दुसरं काय बसेल? आपण दोन-दोन तास वाद घालतो आणि या कलमाचं नावही निघत नाही.

२०१८ ची पत्रकार परिषद या मापानं बघितली तर माझं मन बहुतांशी त्या चौघांकडे आहे. कामकाजवाटपाचा प्रश्न आधी सरन्यायाधीशांना पत्र लिहून मांडला होता आणि विषय संस्थेचा होता. मात्र न्यायाधीश लोया यांच्या मृत्यूसंबंधीच्या याचिकेविषयी पत्रकारांनी विचारलं आणि होकार दिला गेला, तो क्षण टाळायला हवा होता. ते एका प्रलंबित प्रकरणाला स्पर्श करणं होतं.

मर्यादा मोडली तर पुढे काय, इथे आपली व्यवस्था रिकामी आहे. तालुक्याच्या न्यायाधीशानं असं भाषण केलं तर अनुच्छेद २३५ खाली उच्च न्यायालय त्याला जाब विचारतं, बदली करतं, चौकशी लावतं. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीसाठी मात्र एका टोकाला महाभियोग आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. १९९५ मध्ये मुंबईच्या तत्कालीन मुख्य न्यायमूर्तींविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अंतर्गत चौकशीची वाट सुचवली आणि १९९९ मध्ये ती पद्धत स्वीकारली गेली, पण ती बंद दाराआड चालते. यादव यांना १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदासमोर, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या कॉलेजियमसमोर, बोलावलं गेलं. तिथे काय ठरलं याचं अधिकृत निवेदन लोकांपुढे आलं नाही. ५५ खासदारांनी राज्यसभेत दिलेली नोटीस महिनोन्‌महिने सह्यांच्या पडताळणीत अडकून राहिली. महाभियोग हवाच असं मी म्हणत नाही. एका भाषणासाठी संसदेनं न्यायाधीश काढण्याची सवय लावून घेतली तर उद्या हंगेरीच्या आंद्राश बाकांसारख्यांचा बळी पहिला जाईल. कॅनडात न्यायमूर्ती टॉमस बर्जर आदिवासींच्या हक्कांसाठी १९८१ मध्ये बोलले, तेव्हा तिथल्या न्यायिक परिषदेनं त्यांचं वागणं अनुचित ठरवलं पण पदावरून काढण्याची शिफारस केली नाही. लेखी, जाहीर, कारणांसह. आपल्याकडे हा मधला टप्पाच नाही.

तोवर निदान पक्षकारापुरतं बघूया. रविवारी न्यायमूर्तींचं भाषण ऐकून घाबरलेला माणूस सोमवारी काय करू शकतो? आपलं प्रकरण दुसऱ्याकडे द्या असा अर्ज. त्या अर्जावर निर्णय कोण देतं? तेच न्यायमूर्ती. ज्याच्यावर अविश्वास आहे त्यालाच, तुमच्यावर विश्वास ठेवू का असं विचारायचं. जाहीर भाषणाच्या आधारे केलेला असा अर्ज दुसऱ्या न्यायमूर्तीपुढे ठेवायला घटनादुरुस्ती लागणार नाही, संसदेतलं बहुमतही लागणार नाही. कामकाजाचं वाटप मुख्य न्यायमूर्तींच्याच हातात आहे, आणि त्यांच्या सहीच्या एका पानावर हे होऊ शकतं.